घर, बाग आणि चित्रं : विषय कुठून मिळवता?

निळीजांभळी

घरात एक आजारी माणूस आहे, त्यामुळे बाहेर जाऊन स्केचिंग करणं बराच काळ बंद आहे. जे रंगवते ते घरातलं, नाहीतर मागच्या दाराशी असलेल्या छोट्याशा बागेतलं. पण एवढ्याशा जागेत विषय संपलेत असं झालेलं नाही, उलट वाढतच चाललेत. असं का होतंय याबद्दल माझं एक मत बनलंय. ते मांडते, आणि मग तुमचं ऐकायचंय.

'विषय सुचत नाही' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपण वस्तू शोधत असतो. देखणी सुरई, ताजी फुलं, जुना कंदील. असं काही दिसलं नाही की वही मिटते. मी वस्तू शोधणं सोडलं आणि उजेड शोधायला लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळी ओट्यावर उन्हाचा एक तिरका पट्टा पडतो. त्यात जे सापडेल ते त्या दिवसाचं चित्र. उपडा घातलेला पेला, किटलीचं झाकण, कधी नुसतं पिळून टाकलेलं फडकं. त्या फडक्याच्या घड्यांत तेव्हा निळसर-जांभळ्या सावल्या असतात, कडेच्या एकेरी कापडातून ऊन आरपार येतं. पट्टा सरकला की तेच फडकं बघवत नाही, इतकं सपाट दिसतं.

डॅनिश चित्रकार विल्हेल्म हॅमरशॉय १८९८ ते १९०९ कोपनहेगनमधल्या एका घरात राहिला आणि त्याच खोल्या त्याने पुन्हा पुन्हा रंगवल्या. त्याच्या १९०० सालच्या एका चित्रात खिडकी, बंद दार आणि खिडकीतून तिरकं उतरलेलं ऊन एवढंच आहे. खुर्ची नाही, टेबल नाही, माणूस नाही. उन्हाच्या झोतात नाचणारे धूलिकण हा त्या चित्राचा विषय आणि तेच त्याचं नाव. रिकाम्या खोलीचं एवढं भरलेलं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

तर माझं म्हणणं असं: घरातली एक जागा धरायची, तिथे उजेड कधी आणि कुठून येतो ते ओळखून ठेवायचं आणि त्या वेळेला तिथे हजर राहायचं. विषय तिथे येतो.

तुम्ही काय करता? समोर बसून रंगवता की फोटोवरून? आणि बागेतल्या हिरव्याचं काय करता? माझी झाडं अजूनही एकाच डबीतल्या रंगाने रंगवल्यासारखी दिसतात.

कुंपणवेल

मस्त धागा. हिरव्याची उत्तरं वाचायला मीही बसलोय.

कागदीहोडी

तुमच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत, पण वस्तूंची बाजूही थोडी मांडतो.

जॉर्जो मोरांदी हा माझा अत्यंत आवडता चित्रकार. १८९० ते १९६४ हा त्याचा काळ. जवळजवळ सगळं आयुष्य इटलीतल्या बोलोन्यात काढलं, बहिणींबरोबर एका घरात राहिला आणि ज्या खोलीत झोपायचा त्याच खोलीत रंगवायचा. विषय म्हणाल तर बाटल्या, डबे, फुलदाण्या, वाडगे. वर्षानुवर्षं त्याच. पण तो त्या मांडायचा किती वेळ घेऊन! टेबलावरच्या कागदावर प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवायचा, म्हणजे जागा जराही सरकली तर कळावी. काही बाटल्यांना त्याने स्वतः रंग फासला होता, जेणेकरून काचेची चमक जाऊन नुसता आकार उरेल. धूळही झटकायचा नाही, कारण धुळीमुळे कडा मऊ होतात.

हे सांगायचं कारण, उजेड स्थिर असेल (ढगाळ दिवस, किंवा ऊन थेट न येणारी खिडकी) तेव्हा चित्र दोन वस्तूंमधल्या जागेत असतं. दोन बाटल्या एकमेकींना चिकटून ठेवा, मग बोटभर अंतरावर ठेवा, मग एक दुसरीच्या मागे अर्धी लपवा. तीन वेगळी चित्रं होतात. ज्यांच्या घरात ऊन येतच नाही त्यांनी निराश होऊ नये म्हणून लिहिलं.

दुपारचीगाडी

निळीजांभळी, तुमचं लिहिणं आवडलं, पण माझी अडचण वेगळी आहे. घरातलं सगळं मीच करते. ओट्याकडे पाहिलं की मला ऊन दिसत नाही, घासायची भांडी दिसतात. बागेत गेले की तण दिसतं, उपटावंसं वाटतं. घर हे माझ्यासाठी कामांची यादी आहे. बाहेर, परक्या जागी, मला चित्र चटकन दिसतं कारण तिथलं काहीच आवरायची जबाबदारी माझ्यावर नसते. तेव्हा 'विषय घरातच आहे' हे प्रत्येकीला लागू पडतं असं वाटत नाही.

निळीजांभळी

दुपारचीगाडी, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. माझंही रोजचं हेच आहे, आणि त्यावर मी जे करते ते सांगते.

जाड कागदाला आडवी खिडकी कापून ठेवली आहे, तळहाताएवढी. ती डोळ्यासमोर धरली की ओटा तुकड्यांत दिसतो. भांड्यांचा ढीग संपूर्ण दिसला तर ते काम असतं. त्यातला एक कान, एका ताटाची कड आणि मागच्या भिंतीवरची सावली एवढंच चौकटीत आलं की ते आकार होतात. दुसरं म्हणजे डोळे किलकिले करणं. पापण्या अर्ध्या मिटल्या की तपशील जातो, फक्त गडद आणि उजळ भाग उरतात, आणि भांडं घासलेलं आहे की नाही हे दिसायचंच बंद होतं.

आणखी एक, वस्तूऐवजी वस्तूंच्या मधली रिकामी जागा काढून बघा. खुर्चीच्या पाठीच्या दांड्यांमधून दिसणारे भिंतीचे तुकडे, कपाच्या कानातलं भोक. त्या तुकड्यांना नाव नसतं, त्यामुळे त्यांचं कामही नसतं.

बाकी परक्या जागी मन मोकळं होतं हे तुमचं म्हणणं खरंच आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दुपारचीगाडी

खुर्चीच्या दांड्यांमधले तुकडे काढून बघते. धन्यवाद.

पानगळ

हिरव्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण बाग हेच माझं मुख्य क्षेत्र. रोज झाडांमध्येच असते.

पहिली गोष्ट, पानाचा हिरवा बघण्याआधी उजेड पानाच्या कुठल्या बाजूने येतोय ते बघा. ऊन किंवा आकाशाचा उजेड वरून पडत असेल तर पानाचा गुळगुळीत पृष्ठभाग आकाश परत फेकतो. ते पान हिरवं कमी आणि निळसर-राखाडी जास्त दिसतं, चकचकीत पानावर तर जवळजवळ पांढरं. तेच पान तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये आलं की उजेड त्यातून गाळून येतो आणि ते झळझळीत पिवळट-हिरवं होतं. एकाच झाडावर एकाच क्षणी दोन्ही प्रकारची पानं असतात. हे दोन हिरवे वेगळे ठेवले तर अर्धं झाड तिथेच उभं राहतं. तिसरा हिरवा आतल्या सावलीतला, तो बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा बराच गडद आणि तांबूस असतो.

मिश्रणाचं म्हणाल तर डबीतला हिरवा थेट वापरणं मी टाळते. अल्ट्रामरीन निळा किंचित तांबड्याकडे झुकलेला असतो, त्यामुळे तो पिवळ्यात मिसळला की मवाळ, ऑलिव्हसारखा हिरवा मिळतो. जुनी पानं, दूरचं कुंपण यांना तो बरोबर बसतो. हिरवट छटेचा थॅलो निळा आणि लेमन यलो घेतला तर कोवळ्या पानाचा तडफदार हिरवा मिळतो. कुठलाही हिरवा किंचाळायला लागला तर त्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) किंवा थोडा तांबडा घाला, तो लगेच शांत होतो. सावलीसाठी थॅलो हिरवा आणि गडद किरमिजी मिसळून बघा. जवळपास काळा रंग होतो, पण त्याच्यात जीव असतो. नळीतल्या काळ्याने पान मरतं असं माझं ठाम मत आहे.

अजून एक बघण्यासारखी गोष्ट. झाडाखाली उन्हाचे जे कवडसे पडतात ते गोल का असतात? पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या असतात. कारण प्रत्येक छोटी फट सूर्याची प्रतिमा जमिनीवर पाडत असते. खंडग्रास सूर्यग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. सूर्य तिरका असला की जमिनीवर ते लंबगोल होतात. हे कळल्यापासून मी कवडसे कधीच नुसते ठिपके म्हणून टाकत नाही. त्यांचा आकार आणि झुकाव दिवसाची वेळ सांगतो.

कुंपणवेल

कवडशांचं माहीत नव्हतं! आत्ताच बाहेर जाऊन पाहिलं, खरंच सगळे एकाच बाजूला लांबलेले आहेत.

शाईचाडाग

पानगळताई, फारच उपयोगी. आमच्याकडे बाग नाही, खिडकीत कुंड्या आहेत आणि त्यातल्या निम्म्यांत आपोआप उगवलेलं गवत. तरी मला विषय कमी पडत नाहीत, याचं श्रेय जर्मन चित्रकार ड्यूररला.

१५०३ साली आल्ब्रेख्ट ड्यूररने गवताचा एक ढेकूळ जलरंगात रंगवला. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे, आकाराने साधारण ४१ गुणिले ३१ सेंटिमीटर. कोणी मुद्दाम लावणार नाही अशी झाडं: गवताची पाती, डँडेलियन, रुंद पानांचं प्लँटेन (केळ नव्हे, त्याच नावाचं एक तण). खाली माती आणि मुळं दिसतात, मागे कोरी पार्श्वभूमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नजर जमिनीलगत आहे. किडा जिथून बघेल तिथून. तेवढ्या एका निर्णयाने गवताचं जंगल झालंय.

मी कुंडी टेबलावर न ठेवता उंच फळीवर ठेवतो आणि समोर खुर्चीत बसतो, म्हणजे मातीची पातळी डोळ्यांच्या रेषेत येते. मग देठ आकाशावर उठून दिसतात. एकदा बघण्याची उंची बदलून बघा, नवीन झाड आणावंच लागत नाही.

चिनी चित्रकार ची बाइशीसुद्धा याच जातकुळीतला. कोबी, मुळे, बेडूक, किडे, कोळंबी. कोळंब्या तर त्याने घरी भांड्यात पाळल्या होत्या, त्या कशा हलतात ते बघायला. त्याच्या शाईतल्या कोळंबीचं शरीर पारदर्शक दिसतं आणि पाणी न रंगवताही ती पाण्यात असते.

लाटणंकुंचला

एक विचारू का? प्रदर्शनाला चित्रं द्यायची म्हटलं की असे घरगुती विषय किरकोळ समजले जातात असा अनुभव आहे. "भांडीकुंडी काय काढता" हे वाक्य ऐकून घ्यावं लागलंय. तुम्हा कोणाला असं वाटत नाही का?

कागदीहोडी

हे फार जुनं दुखणं आहे. अठराव्या शतकात फ्रेंच अकादमीच्या उतरंडीत पुराणकथा आणि इतिहासाची चित्रं सगळ्यात वर आणि वस्तुचित्र तळाला होतं. त्याच अकादमीने १७२८ मध्ये शार्दांला सदस्य करून घेतलं ते वस्तुचित्रांवरूनच. तांब्याचं भांडं, खलबत्ता, पाण्याचा पेला हेच तो पुढेही रंगवत राहिला. त्याच्या चित्रासमोर भांडं किरकोळ आहे की नाही हा प्रश्नच सुचत नाही. तांब्याच्या कडेवर एक जाड फटकारा असतो, तिथेच बघत राहतो माणूस.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र. अनेकजण ते राजा रविवर्म्याचं समजतात. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, जलरंगातलं आहे, आणि मॉडेल म्हणून उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी. बोटांच्या फटींतून येणारा लालसर उजेड बघा. घरातलीच मुलगी, घरातलाच दिवा.

कोण काय म्हणतं त्याकडे लक्ष देऊ नका. भांडं मोठ्या कागदावर काढा.

लाटणंकुंचला

"मोठ्या कागदावर काढा" हे पटलं. आजवर सगळं वहीच्या पानाएवढंच केलंय.

नवीपाटी

मी अगदी नवीन आहे. रंगांचा डबा आणलाय, पण समोर बसलं की कुठून सुरू करावं कळत नाही. एखादा पहिला विषय सांगाल का?

निळीजांभळी

पांढरा कप, पांढऱ्या कापडावर, खिडकीच्या एका बाजूला. आणि रंग एकच, कुठलाही गडद. पेन्स ग्रे किंवा सेपिया चालेल.

रंग एकच घेतला की छटांकडे लक्ष जातं. पांढऱ्या कपाचा सावलीतला भाग उजेडातल्या कापडापेक्षा कितीतरी गडद असतो, पण 'कप पांढरा आहे' हे आपल्याला माहीत असतं म्हणून हात ते मान्य करत नाही. डोळे किलकिले करून दोन्हींची तुलना करा आणि जे दिसेल ते टाका. कपाच्या सावलीतल्या बाजूला, अगदी कडेजवळ, कापडावरून परत आलेला एक फिकट उजेड असतो. तो सापडला की कप गोल होतो.

जलरंग असतील तर पांढरं म्हणजे कोरा कागद. कुठे कोरं सोडायचं ते आधी ठरवा, नंतर परत मिळवणं कठीण.

कपाचं तोंड लंबगोल दिसतं, त्याची दोन्ही टोकं गोलाईने वळतात, टोकदार होत नाहीत. आणि वरून बघत असाल तर बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा थोडा जास्त उघडा असतो, कारण तो नजरेच्या पातळीपासून जास्त खाली आहे. हे दोन मुद्दे पक्के झाले की घरातली सगळी भांडी तुमची.

नवीपाटी

आज संध्याकाळीच करून बघते!

पानगळ

नवीपाटी, संध्याकाळी दिव्यात करणार असाल तर एकच दिवा लावा. दोन दिवे असले की दोन सावल्या पडतात आणि सुरुवातीला गोंधळ होतो. पुढे मात्र दोन सावल्या मुद्दाम करून बघा, एका बाजूने पिवळा दिवा आणि दुसरीकडून खिडकीचा मावळता उजेड. दिव्याने पडलेली सावली निळी दिसेल आणि खिडकीमुळे पडलेली नारिंगी. स्वयंपाकघरात रोज होणारी गोष्ट आहे, आपण बघत नाही इतकंच.

आणि रंगात काम करणाऱ्यांसाठी: पिवळ्या दिव्याखाली फिकट पिवळा रंग कागदावर जवळजवळ दिसतच नाही. रात्री मी पेन्सिल आणि शाईच घेते.

मधलीसुट्टी

फोटोवरून की समोर बसून, या प्रश्नाचं कोणीच उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो. मी दोन्ही करतो, पण बागेत फोटोवर विसंबत नाही. फोनचा कॅमेरा उन्हाच्या चित्रात एक तर सावल्या काळ्या करतो, नाहीतर ऊन पांढरंफटक. डोळ्याला त्याच सावलीत दहा रंग दिसत असतात. शिवाय फोटोत सगळंच सारखं ठळक येतं, आपण मात्र एका वेळी एकाच फुलाकडे बघत असतो.

तिसरा रस्ता आहे आठवणीचा. फ्रेंच चित्रकार प्येर बोनार (१८६७ ते १९४७) घरातलं जेवणाचं टेबल, न्हाणीघर, खिडकीतून दिसणारी बाग रंगवायचा, पण त्या जागेसमोर बसून नव्हे. खिशातल्या डायरीत पेन्सिलने छोटी रेखाटनं करायचा, त्या दिवशीच्या हवामानाची नोंद करायचा आणि मग भिंतीला ठोकलेल्या कॅनव्हासवर आठवणीतून रंगवायचा. म्हणून त्याचे रंग वस्तुस्थितीपेक्षा जास्त पेटलेले आहेत आणि तरी खोटे वाटत नाहीत.

मी हे करून बघतो आहे. बागेत फक्त पेन्सिल नेतो, रंगांची नावं शब्दांत लिहितो ("भिंत इथे गुलाबी, कुंडीपेक्षा थंड"), आणि आत येऊन रंगवतो. जे आठवत नाही ते चित्रात येत नाही, आणि चित्राला त्याची गरजही नसते असं दिसतं.

शाईचाडाग

वा! शब्दांत नोंद ही कल्पना फार आवडली.

कापून आणलेल्या फुलांबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणेन, ती समोर असतानाच काढावीत, आणि भराभर. ट्यूलिप तर कापल्यावरही वाढत राहतात आणि उजेडाकडे वळतात, सकाळी काढलेली रेघ संध्याकाळी जुळत नाही. फ्रेंच चित्रकार एदुआर माने शेवटच्या आजारपणात भेटायला येणाऱ्यांनी आणलेली फुलं काचेच्या पेल्यात ठेवून रंगवायचा. छोटे कॅनव्हास, थोडक्यात आटोपलेले. पाण्यात बुडलेले देठ काचेतून कसे तुटल्यासारखे दिसतात ते त्याने दोन-चार फटकाऱ्यांत पकडलंय.

निळीजांभळी

शाईचाडाग, मानेची ती फुलं मला फार जवळची वाटतात, कारण उघड आहे. आमच्याकडेही फुलं येतात सध्या.

दुपारचीगाडी

खुर्ची काढली. दांड्यांमधले तुकडे आधी भरले आणि खुर्ची आपोआप उरली. घाई झाली नाही, उठून काही आवरावंसंही वाटलं नाही. आता एक प्रश्न: घरातली माणसं तुम्ही रंगवता का? माणूस स्थिर बसत नाही, आणि 'बस' म्हटलं की अवघडून बसतो.

कागदीहोडी

काम करताना काढा. फ्रेंच चित्रकार एदुआर व्हुईयारची आई घरी शिवणकाम करायची, तो तिच्याबरोबर १९२८ मध्ये ती जाईपर्यंत राहिला आणि तिला शेकडो वेळा काढलं. बहुतेक चित्रांत ती खाली मान घालून काहीतरी करते आहे, आणि तिच्या कपड्यांची नक्षी भिंतीच्या कागदाच्या नक्षीत मिसळून गेली आहे. चेहरा अनेकदा पुसटच. शिवणारा, निवडणारा, वाचणारा माणूस त्याच त्याच हालचाली करतो, त्यामुळे तीन-चार रेखाटनं एकाच पानावर सुरू ठेवायची. हात पुन्हा त्या जागी आला की ते रेखाटन पुढे न्यायचं.

निळीजांभळी

मी काढते. झोपलेलं असताना काढू का, असं आधीच विचारून घेतलं होतं. परवानगी मिळाली, एका अटीवर, की चित्र दाखवायचं. दाखवल्यावर सूचनाही येतात: उशी फार फुगलीये, चादरीच्या रेघा कमी कर. चादरीच्या रेघांबद्दलची सूचना बरोबर होती. रेघा शरीराच्या चढ-उतारावरून वळतात, मी त्या सरळ ओढत होते तोवर अंगावर चादर आहे असं वाटतच नव्हतं. त्यामुळे रेघारेघांची चादर मी आता मुद्दाम घालते, आकार दाखवायचं अर्धं काम तीच करते.

मधलीसुट्टी, तुमच्या शब्दांतल्या नोंदी इथे टाकाल का? आणि पानगळताई, सावलीतला तो तांबूस हिरवा जलरंगात कसा आणता, एकाच थरात की दोन? माझा दुसऱ्या थराला गढूळ होतो.

पानगळ

एकाच थरात. कागदावर आधी थॅलो हिरवा ओला टाकायचा आणि तो ओला असतानाच किरमिजी सोडायचा, कुंचल्याने घोळायचं नाही. रंग आपापले मिसळू देत. दुसरा थर द्यायचाच असेल तर पहिला पूर्ण वाळू द्या आणि एकदाच हात फिरवा, परत घासलं की खालचा रंग सुटतो आणि गढूळपणा येतो. किरमिजीसाठी अलिझरिन घेऊ नका, उजेडात फिका पडतो. क्विनाक्रिडोन घ्या, टिकतो.

मधलीसुट्टी

वहीच्या पानांचे फोटो उद्या चढवतो. अक्षर लावून घ्यावं लागेल.